तालमीची वेळ कोण ठरवते? नाट्यसंस्थेत समता आणि सुगम्यता आणण्याची सविस्तर पद्धत

सोलापुरातील हौशी रंगकर्मींच्या अनेक पिढ्यांनी ज्या हुतात्मा स्मृती मंदिरात पहिल्यांदा तोंडाला रंग लावला, ते नाव मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांची आठवण करून देते. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात एकाच दिवशी फाशी गेलेल्या या चौघांची जात एक नव्हती आणि धर्मही एक नव्हता. काही वर्षांपूर्वी आमच्या संस्थेच्या जुन्या हस्तपत्रिका मी सतरंजीवर ओळीने मांडल्या आणि त्यांवरची नावे वाचत गेलो, तेव्हा त्या चौघांच्या शहराचा फार थोडा भाग आमच्या नाटकांत आल्याचे दिसले. पूर्व भागातल्या तेलुगू भाषिक विणकर कुटुंबांतले कोणी नव्हते, घरी दख्खनी, म्हणजे इकडच्या वळणाची उर्दू, बोलणारे एकच नाव होते आणि तेही 'रंगमंच साहाय्य' या सदरात. कुबड्या किंवा चाकाची खुर्ची वापरणारे कोणी कधी आमच्या तालमीची पायरी चढलेले नव्हते. आम्ही कोणालाही अडवले नव्हते, हे खरे आहे. पण न अडवताही माणसे बाहेर कशी राहतात, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काम सुरू होत नाही.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न वंशाच्या नावाने विचारला जातो. जून २०२० मध्ये अमेरिकेतील शेकडो कृष्णवर्णीय, मूलनिवासी आणि अन्य गौरेतर रंगकर्मींनी तिथल्या गोऱ्यांच्या वर्चस्वाखालील रंगभूमीला उद्देशून खुले पत्र लिहिले आणि त्यामागोमाग मागण्यांची मोठी यादी प्रसिद्ध केली. भूमिका, नेमणुका आणि पैसा यांबरोबर त्या यादीत तालमीच्या तासांविषयीही मागणी होती: तांत्रिक तालमींच्या, म्हणजे दिवे, ध्वनी आणि नेपथ्य जुळवून घेण्याच्या, दिवसांत बारा तासांच्या अवधीत दहा तास काम करवून घेण्याची तिथली प्रथा बंद करावी. वंशभेदाच्या चर्चेत घड्याळ कशासाठी आले, असे मला प्रथम वाटले होते, आणि त्याचे उत्तर पुढे आमच्याच तालमीत मिळाले. टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगचे काम करणारी एक मुलगी आमच्याकडे आली होती. आवाज भरदार, पाठांतर पक्के. आमची तालीम रात्री नऊला सुरू होऊन बाराला संपायची, कारण ती वेळ दुकान बंद करून येणाऱ्यांना आणि नोकरदारांना सोयीची होती, आणि ती ठरवणारेही तेच होते. आठव्या दिवसानंतर ती मुलगी आली नाही. 'आवड नसेल' असे म्हणून आम्ही दुसरी मुलगी घेतली. रात्री बारा वाजता ती अशोक चौकाच्या पलीकडे घरी कशी जाते, हे त्या आठ दिवसांत आमच्यापैकी एकानेही तिला विचारले नव्हते.

आपल्याकडे वंशाच्या जागी जात, धर्म, घरची भाषा, पोटापाण्याचे काम आणि दिव्यांगत्व आहे, आणि अनेकदा यांतले दोन-तीन अडसर एकाच माणसाच्या वाट्याला येतात. पुढे जी पद्धत सांगतो आहे, ती हौशी आणि प्रायोगिक नाटक करणाऱ्या, वीस ते पन्नास सभासदांच्या, शिलकीत फारसे काही नसलेल्या संस्थेला डोळ्यांसमोर ठेवून सांगतो आहे.

पहिले काम: मोजणी

मागील पाच वर्षांच्या हस्तपत्रिका, तालमींचे हजेरीपट आणि हिशेबाच्या वह्या एकत्र काढाव्यात आणि एका मोठ्या कागदावर चार रकाने आखावेत: रंगमंचावर कोण होते, पडद्यामागे कोण होते, कार्यकारिणीत कोण होते आणि पैसे कोणाला मिळाले. नुसते हे चार रकाने भरले तरी पुष्कळ कळते. सेट टेम्पोत चढवणारे, लेव्हल म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे उचलणारे आणि दिव्यांच्या वायरी ओढणारे हात एका वस्तीतले आणि दिग्दर्शन, लेखन, निवड करणारे दुसऱ्या वस्तीतले असतील, तर ती विभागणी नजरेस यायला वेळ लागत नाही.

त्यानंतर सध्याच्या सभासदांना एक निनावी प्रश्नपत्रिका द्यावी. राहण्याचा भाग, घरची भाषा, तालमीला येण्याचे साधन, कामाची पाळी, एखादी शारीरिक किंवा अन्य गरज आणि संस्थेत कधी अपमान किंवा दुजाभाव वाटला असल्यास तो प्रसंग, एवढे प्रश्न पुरतात. जात आणि धर्म विचारावा की नाही, यावर आमच्याकडे दोन बैठका झाल्या. माझे मत असे आहे की विचारावे, परंतु प्रवर्गाच्या पातळीवर, ऐच्छिक स्वरूपात आणि 'सांगायचे नाही' हा पर्याय ठेवून. कारण न विचारल्यास आडनावावरून अंदाज बांधण्याची जुनी सवय तशीच चालू राहते, आणि ती सवय या प्रश्नापेक्षा अधिक वाईट आहे. मात्र पंधरा जणांच्या गटात निनावी कागद खऱ्या अर्थाने निनावी राहत नाही, हे ध्यानात ठेवून उत्तरे दोन-तीन वर्षांच्या सभासदांची मिळून मोजावीत, मोजणी कार्यकारिणीबाहेरच्या दोघांकडे द्यावी आणि बेरजा झाल्यावर कागद नष्ट करावेत. बेरजा मात्र सर्वसाधारण सभेत मोठ्याने वाचाव्यात.

घटना आणि समित्या

बहुतेक नाट्यसंस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात, आणि त्यांची घटना एखाद्या जुन्या संस्थेच्या घटनेवरून उतरवून घेतलेली असते. ती एकदा सावकाश वाचावी. 'नवीन सभासदत्वासाठी दोन विद्यमान सभासदांची शिफारस आवश्यक' असे कलम अनेक घटनांत आढळते. दिसायला ते निरुपद्रवी आहे, पण त्याचा परिणाम असा होतो की जे आत आहेत त्यांच्याच ओळखीचे, शेजारचे, नात्यातले लोक आत येतात आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच गोतावळा चालू राहतो. हे कलम काढावे किंवा त्याला 'अथवा एका निर्मितीत प्रत्यक्ष काम केलेले असावे' असा पर्याय जोडावा. वार्षिक वर्गणी हप्त्यांनी भरण्याची मुभा द्यावी. घटनादुरुस्तीसाठी सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो आणि पुढे धर्मादाय कार्यालयातील प्रक्रिया असते, तिला वेळ जातो. तोपर्यंत जे नियम कार्यकारिणीच्या ठरावाने बदलता येतात ते ताबडतोब बदलावेत. कार्यकारिणीत बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करण्याची जबाबदारी सचिवाने विसरू नये, नाहीतर नव्या माणसांची नावे कागदावर येतच नाहीत.

समितीत एखाद्या वर्गाचा एकच प्रतिनिधी घेऊन थांबू नये. एकट्या माणसावर आपल्या संपूर्ण समाजाच्या वतीने बोलण्याचे ओझे पडते आणि मतभेद झाला तर तो एकटा पडतो. किमान दोघे असावेत, आणि ते स्वागत समितीत नसून नाटक निवडणाऱ्या, दिग्दर्शक ठरवणाऱ्या आणि पैसे खर्च करणाऱ्या समितीत असावेत.

संहिता कोण निवडते

जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ साली लिहून मराठी ग्रंथांना पारितोषिके देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले होते आणि त्या कमिटीने ते नाकारले. मराठी नाटकाच्या इतिहासातला हा प्रसंग प्रत्येक निवड समितीने लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण कोणते नाटक 'चांगले' हे ठरवणारी माणसे कोण आहेत, यावर रंगमंचावर काय येणार हे तेव्हाही ठरत होते आणि आजही ठरते. तमाशा आणि जलसा (गाणी व संवादांतून प्रबोधन करणारा प्रकार) या दोन्ही परंपरा प्रामुख्याने दलित, भटक्या आणि कष्टकरी समाजांतील कलावंतांनी उभ्या केल्या. सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनी गावोगावी प्रेक्षक घडवला. शाहीर अमर शेख आपल्याच जिल्ह्यातील बार्शीचे. आपल्या नाटकात लावणी, ढोलकी किंवा जलशाचा बाज वापरायचा असेल, तर तो ज्यांचा आहे त्यांना बोलवावे. लावणी सादर करणारी मोडनिंबची कलाकेंद्रे सोलापूरपासून काही फार दूर नाहीत. तिथल्या कलावतीला एक दिवस बोलावून सगळे शिकून घ्यायचे आणि हस्तपत्रिकेत 'विशेष आभार' मानून मोकळे व्हायचे, ही रीत सोडून तिचे नाव नृत्यदिग्दर्शनाच्या श्रेयात घालावे आणि नृत्यदिग्दर्शकाला देतो तेवढेच मानधन तिला द्यावे.

संहिता वाचताना प्रत्येक पात्रापुढे त्याची जात, धर्म, भाषा, शरीर यांविषयी नाटक काय गृहीत धरते ते पेन्सिलीने लिहावे. मोलकरीण, हमाल, रिक्षावाला एवढेच जण बोलीत बोलतात का? 'काय करलालास' हे सोलापुरात शेकडो घरांत रोज प्रेमाने विचारले जाणारे वाक्य आपल्या नाटकात केवळ हशा मिळवण्यासाठी येते का? मुस्लिम पात्र नाटकात कशासाठी आहे, आणि आंधळे किंवा लंगडे पात्र दया उत्पन्न करण्यापलीकडे काही करते का? या टिपणांमुळे एखादे नाटक रद्दच करावे लागेल असे नाही. अनेकदा भूमिकांचे वाटप बदलले, नायकाच्या तोंडी बोली दिली किंवा वकिलाची भूमिका कुबडी घेऊन चालणाऱ्या नटाला दिली, आणि त्या कुबडीचा संवादात उल्लेखही केला नाही, तरी नाटक बदलते.

चाचणी

नटांच्या निवडीची सूचना मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चारही लिप्यांत काढावी आणि ती नेहमीच्या नाट्यप्रेमींच्या गटात फिरवून थांबू नये. विडी कारखाने, यंत्रमागाचे कारखाने, बुद्ध विहारे, वाचनालये, मूकबधिर मुलांच्या शाळा, महाविद्यालये आणि चहाच्या टपऱ्या इथे ती प्रत्यक्ष जाऊन लावावी. चाचणी एकाच ठिकाणी न घेता निदान दोन ठिकाणी घ्यावी. एक दिवस शहराच्या मध्यभागी आणि एक दिवस विडी कामगारांच्या वस्तीत, विडी घरकुलात किंवा कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत. जागा तळमजल्यावरचीच हवी.

अर्जात आडनावाचा आणि छायाचित्राचा रकाना ठेवू नये. नाव, वय, संपर्क आणि 'तालमीला नियमित येता यावे म्हणून तुम्हाला काय लागेल?' हा एक प्रश्न, एवढे पुरे. या एका प्रश्नाने आमचे डोळे जितके उघडले तितके कोणत्याही शिबिराने उघडले नाहीत. उतारा तीन दिवस आधी द्यावा, ज्यांना देवनागरी वाचता येत नाही किंवा दिसत नाही त्यांना तो आवाजात मुद्रित करून पाठवावा, आणि त्याच्या जोडीने प्रत्येकाला स्वतःच्या घरच्या भाषेतील एक तुकडा करून दाखवायला सांगावे. परीक्षकांना ती भाषा येत नसली तरी माणूस मोकळा झाला की काय करू शकतो, हे त्या दोन मिनिटांत दिसते.

उच्चारांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या रंगभूमीवरची सर्वांत बारीक चाळणी तीच आहे. 'उच्चार शुद्ध नाहीत' हा शेरा मी स्वतः अनेकांच्या नावापुढे लिहिला आहे. घरी दख्खनी बोलणाऱ्याच्या तोंडी 'ळ' चा 'ल' आणि 'ण' चा 'न' होतो. घरी तेलुगू बोलणाऱ्याला 'ळ' ची अडचण येत नाही, कारण तो वर्ण त्याच्या भाषेत आहेच. त्याची अडचण लिंगाची असते. तेलुगूत एकवचनात स्त्रीसाठी आणि निर्जीव वस्तूसाठी क्रियापदाचे रूप एकच येते, तेव्हा मराठीतील तीन लिंगांच्या व्यवस्थेत त्याचे 'माझा पुस्तक' होते. ही त्याच्या कानाची किंवा बुद्धीची उणीव नाही, दुसऱ्या भाषेचे व्याकरण त्याच्या मराठीत डोकावते आहे. भूमिकेला प्रमाण उच्चार खरोखर आवश्यक असेल तर दोन महिन्यांच्या तालमीत तो बसवता येतो आणि बसवणे हे दिग्दर्शकाचे काम आहे. आवश्यक नसेल तर नटाच्या जिभेवरची मराठी तशीच रंगमंचावर येऊ द्यावी. परीक्षक तीन असावेत, प्रत्येकाने नकाराचे कारण एका वाक्यात लिहावे, आणि 'उच्चार', 'व्यक्तिमत्त्व', 'शोभणार नाही' हे तीन शब्द कारण म्हणून चालणार नाहीत असे आधीच ठरवून टाकावे.

तालीम

तालमीची वेळ भूमिका ठरल्यानंतर, सर्व नटांनी आणि पडद्यामागच्यांनी एकत्र बसून ठरवावी. आमच्याकडे आता आठवड्यातून चार दिवस सायंकाळी सव्वासहा ते पावणेनऊ आणि रविवारी सकाळी अशी वेळ निघाली आहे. व्यापारी मित्रांना ती सुरुवातीला जड गेली, म्हणून त्यांचे प्रवेश शेवटच्या तासात लावले. कोणत्या दिवशी कोणता प्रवेश, हे आठवडाभर आधी कळले तर ज्याचे काम नाही त्याला तीन तास बसून राहावे लागत नाही. विड्या वळणाऱ्या बाईचे उत्पन्न हजार विड्यांच्या हिशेबाने मोजले जाते. तिने तालमीत फुकट बसून काढलेला तास तिच्या घरातून वजा होतो.

वेळ संपल्यावर प्रत्येक स्त्री सभासद आणि अठरा वर्षांखालील मुले घरी कशी जाणार याची नोंद रोजच्या हजेरीपटातच करावी, आणि रिक्षाचे पैसे संस्थेने द्यावेत. लहान मूल असलेल्या आईला मूल घेऊन येऊ द्यावे आणि शेजारच्या खोलीत त्याच्याजवळ बसण्याची पाळी सर्वांनी वाटून घ्यावी, पुरुषांनीसुद्धा.

संबोधनाकडे लक्ष द्यावे. प्राध्यापक नटाला 'सर', बँकेतल्या बाईंना 'ताई' आणि दिवे लावणाऱ्या त्यांच्याच वयाच्या माणसाला 'ए, इकडे ये' असे आमच्या तालमीत वर्षानुवर्षे चालले होते आणि ते कोणाच्या कानाला खटकत नव्हते. पहिल्याच दिवशी प्रत्येकाने आपल्याला काय म्हणून हाक मारावी ते सांगावे आणि तीच हाक सर्वांनी वापरावी. चहाचे कप विसळणे, झाडणे, सतरंज्या घालणे यांचा पाळीपत्रक भिंतीवर असावा आणि त्यात दिग्दर्शकाचे नाव वर असावे. डब्यात काय आणायचे यावर बंधन नसावे. प्रयोगाआधी नारळ फोडणे, नटराजाची पूजा करणे या प्रथा ज्यांना प्रिय आहेत त्यांनी जरूर कराव्यात, परंतु त्यात सामील न होणाऱ्याकडे कोणी वळून पाहू नये. त्याऐवजी सर्वांना एकत्र उभे राहता येईल असा एक क्षण, समजा दोन मिनिटांची शांतता, तिसऱ्या घंटेपूर्वी ठेवावी.

पैसा

'हौशी' या शब्दाचा व्यवहारातला अर्थ असा झाला आहे की ज्याला फुकट काम करणे परवडते तोच नाटक करू शकतो. सर्वांना मानधन देणे शक्य नसेल तर निदान प्रवासखर्च आणि तालमीच्या दिवसांचे खाणे प्रत्येकाला, न मागता द्यावे. 'ज्यांना गरज आहे त्यांनी मागावे' अशी पद्धत ठेवली की गरजू माणूस मागत नाही. स्पर्धेत पारितोषिकाची रक्कम मिळाली तर ती कशी वाटायची हे तालीम सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावे.

वास्तू

इथे मोजण्याची फीत लागते. तालमीची जागा आणि प्रयोगाची जागा या दोन्ही ठिकाणी चाकाची खुर्ची वापरणाऱ्या आणि दृष्टिहीन अशा निदान दोन व्यक्तींना सोबत घेऊन, त्यांच्या वेळेचा मोबदला देऊन, रस्त्यापासून रंगमंचापर्यंत आणि रस्त्यापासून खुर्चीपर्यंत चालत जावे. वाहन कुठे थांबते, फाटकाशी उंबरा आहे का, तिकीट खिडकी किती उंचावर आहे, प्रसाधनगृहाचे दार किती रुंद आहे, मेकअप रूममधून विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या आडोशात, येताना पायऱ्या किती आहेत, हे सर्व इंचांत लिहून काढावे. दाराची मोकळी रुंदी नऊशे मिलिमीटर म्हणजे जवळपास तीन फूट हवी, आणि खुर्ची पूर्ण वळण्यासाठी पंधराशे मिलिमीटर म्हणजे सुमारे पाच फूट व्यासाची जागा हवी.

उताराचा हिशेब बहुतेक जण चुकवतात. एकास बारा हे प्रमाण पाळायचे म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. तालमीच्या हॉलपुढे सहा इंचांच्या दोन पायऱ्या असतील तर बारा फुटांचा, किमान चार फूट रुंदीचा, दोन्ही बाजूंना कठडा असलेला उतार सुताराकडून करून घेता येतो आणि तो वापरात नसेल तेव्हा दोन तुकड्यांत उचलून ठेवता येतो. रंगमंच मात्र तीन फूट उंच असेल तर छत्तीस फुटांचा उतार, मध्ये सपाट विसाव्याच्या जागेसह, हवा, आणि तो विंगेत मावत नाही. अशा वेळी सुतार सहा-सात फुटांची फळी टाकून देतो आणि 'चौघे धरून चढवू' असे म्हटले जाते. ते करू नये. माणूस पडतो, आणि न पडला तरी त्याला सामानासारखे उचलले जाते. आमच्या एका नटाला एका प्रयोगात आम्ही तसे उचलून चढवले होते. प्रयोगानंतर सर्वजण त्याचे अभिनंदन करत होते आणि तो खाली उतरण्यासाठी चार माणसे मोकळी होण्याची वाट पाहत विंगेत बसून होता, तोंडाला रंग तसाच, तब्बल पाऊण तास. त्यानंतर आम्ही ते नाटक रंगमंच सोडून सभागृहाच्या जमिनीवर, तीन बाजूंनी प्रेक्षक बसवून केले. नाटक त्यामुळे अधिक चांगले झाले, हे मी कोणाच्या समाधानासाठी सांगत नाही. नटांमधले अंतर कमी झाल्याने दिग्दर्शनातल्या दोन जुन्या अडचणी सुटल्या.

सभागृह महापालिकेचे असेल तर मोजमापांचा तक्ता जोडून आयुक्तांना लेखी निवेदन द्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, त्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केलेले आहेत, आणि अस्तित्वातील सार्वजनिक इमारती सुगम्य करण्याची जबाबदारी त्याच्या कलम ४५ मध्ये आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांना दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखून ठेवायचा असतो, त्याचाही उल्लेख निवेदनात करावा आणि एक प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला पाठवावी. शहरातील सगळ्या नाट्यसंस्थांनी एकाच निवेदनावर सह्या केल्या तर त्याचे वजन वाढते.

प्रयोगाची रात्र

चाकाच्या खुर्चीसाठी मधल्या रांगेतील दोन-तीन खुर्च्या काढून जागा करावी आणि शेजारची खुर्ची सोबत्याला द्यावी. येण्याजाण्याच्या वाटेत किंवा शेवटच्या रांगेमागे बसवू नये. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषक ठेवायचा असेल तर त्याला संहिता निदान तीन आठवडे आधी द्यावी, दोन तालमी पाहू द्याव्यात, आणि नाटक तासाभराहून मोठे असेल तर दोघांना आलटून पालटून उभे करावे. दुभाषकावर पूर्ण प्रयोगभर दिवा हवा. अंधाराच्या प्रवेशातही तो विझता कामा नये, ही सूचना प्रकाशयोजनाकाराच्या टिपणात लिहून ठेवावी, कारण प्रत्यक्षात चूक तिथेच होते. ज्या बाजूला दुभाषक उभा असेल त्या बाजूच्या पुढच्या रांगा कर्णबधिर प्रेक्षकांना राखाव्यात.

दृष्टिहीन प्रेक्षकांना अर्धा तास आधी रंगमंचावर बोलवावे. नेपथ्य, वस्तू, वेशभूषेचे कापड त्यांना हाताने पाहू द्यावे आणि प्रत्येक नटाने पात्राच्या आवाजात आपली ओळख करून द्यावी. याला काही खर्च येत नाही. आवाज आणि प्रकाशाचा त्रास होणाऱ्या, स्वमग्न किंवा बौद्धिक दिव्यांग प्रेक्षकांसाठी एखादा प्रयोग दिवे पूर्ण न मालवता, आवाज कमी ठेवून, उठून बाहेर जाण्याची आणि परत येण्याची मोकळीक देऊन करावा.

वरच्या बाजूला पडद्यावर संवादांचा अनुवाद दाखवायचा असल्यास एका वेळी दोनच ओळी, काळ्यावर पांढरी अक्षरे, आणि मौनाच्या जागी कोरा पडदा ठेवावा. तेलुगू आणि कन्नड अक्षरे दुसऱ्या संगणकावर मोडतात, म्हणून सगळी पाने चित्ररूपात साठवून न्यावीत. यंत्र चालवणारा माणूस तालमींना नियमित बसलेलाच हवा. पण हे करण्याआधी आपल्या प्रेक्षकाला विचारावे. आम्ही पुष्कळ कष्टाने तेलुगू अनुवाद तयार केला आणि प्रयोगाला आलेल्या आज्ज्यांना तेलुगू बोलता येत होते, वाचता येत नव्हते. त्यांच्या नातवंडांना वाचायला मराठीच सोपी होती. पुढच्या प्रयोगाला पडदा उघडण्यापूर्वी संस्थेतल्याच एका मुलीने दहा मिनिटे तेलुगूत कथा आणि पात्रे समजावून सांगितली आणि मध्यंतरात पुन्हा पाच मिनिटे. आज्ज्या शेवटपर्यंत बसल्या.

तक्रार आली तर

कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मानधन न घेता, स्वेच्छेने काम करणाऱ्यांनाही लागू होतो, म्हणून 'आम्ही तर हौशी' ही सबब चालत नाही. दहा किंवा अधिक जण काम करत असतील तर अंतर्गत समिती हवी. अध्यक्षस्थानी स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया आणि एक बाहेरची सदस्य. त्याहून लहान गटातील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. तक्रारीची मुदत साधारणपणे तीन महिन्यांची असते, हे तालमीच्या हॉलमध्ये ठळक लिहून लावावे. जातिवाचक अपमान हा अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींच्या व्यक्तींच्या बाबतीत १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. अशा प्रसंगी 'आपल्या आपल्यात मिटवू' म्हणून तक्रारदारावर दडपण आणण्याचा अधिकार कोणत्याही अध्यक्षाला नाही. ज्या तक्रारी कायद्यापर्यंत जात नाहीत, टोमणे, नकला, वाट्याला सतत येणारी हलकी कामे, त्यांच्यासाठी संस्थेबाहेरची एक विश्वासू व्यक्ती नेमावी आणि प्रयोग जवळ आला म्हणून तक्रार पुढे ढकलू नये. मुख्य नटाविरुद्ध तक्रार आली तर प्रयोग होईल की नाही, या प्रश्नाचे उत्तर शांत काळात, ठराव करून, आधीच लिहून ठेवावे.

वर्षाची आखणी

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास असते. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, एप्रिलमध्ये चौदा तारीख आणि तिच्या मिरवणुका, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव, आणि दरवर्षी सरकत जाणारा रमजान. या दिवसांवर तालीम किंवा प्रयोग लावला की कोणीतरी दोन्हींतून एक निवडण्याच्या पेचात पडते. रमजानमध्ये तालीम ठेवावीच लागली तर रोजा सोडण्याच्या वेळी अर्धा तास सुट्टी द्यावी. मोजणी फेब्रुवारीत, यात्रा उरकल्यावर करावी, संहितावाचन मार्च-एप्रिलमध्ये, सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या हॉलमध्ये तालीम ठेवू नये, आजारी आणि वृद्ध सभासदांना ते सोसत नाही. चाचण्या जूनमध्ये. तालमींना सुरुवात करताना पहिल्या दिवशी आठवड्याचा कोरा तक्ता भिंतीवर लावावा, आणि पेन आधी त्याच्या हाती द्यावे जो सर्वांत लांबून आला आहे.